रंग न लावलेली चित्रं

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



आज ज्या कामाविषयी मी बोलणार आहे, त्याला मराठीत नेमका शब्द नाही. इटालियन भाषेत त्याला 'इंटार्सिया' म्हणतात. वेगवेगळ्या झाडांच्या लाकडांचे तुकडे कापायचे, ते एकमेकांना असे भिडवायचे की मध्ये नखही शिरू नये, आणि त्यांतून चित्र उभं करायचं. रंगाचा एक थेंबही वापरायचा नाही. काळा हवा तर काळं लाकूड शोधा, पिवळा हवा तर पिवळं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे चटकन कळेल. फरक इतकाच की गोधडीचं ठिगळ दोन बोटं इकडेतिकडे झालं तरी सुई त्याला सांभाळून घेते. लाकूड कुणाला सांभाळून घेत नाही.

हा शब्द मूळ अरबी असावा असं पुष्कळ जण मानतात. अरबीत जडवण्याच्या कामाला जो शब्द आहे, त्याच धातूपासून उर्दूतला 'मुरस्सा' आला. मुरस्सा म्हणजे रत्नजडित. म्हणजे शब्द पूर्वेकडून इटलीत गेला आणि पाचशे वर्षांनी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेच्या कानावर इटलीहून परत आला.

पंधराव्या शतकात इटलीत या कामाला फार बहर आला होता. उर्बिनो नावाच्या डोंगरी गावात फेदेरिगो दा माँतेफेल्त्रो हा ड्यूक राज्य करत होता. त्याच्या राजवाड्यात जेमतेम साडेतीन मीटर लांबी-रुंदीची एक अभ्यासिका आहे. ती १४७६ च्या सुमारास पुरी झाली. आत शिरलं की भिंतीत कपाटं दिसतात, त्यांची जाळीची दारं अर्धवट उघडी, आत पुस्तकं, वाद्यं, चिलखताचे भाग, फळांची टोपली आणि एक खारसुद्धा. प्रत्यक्षात तिथं कपाट नाही, पुस्तक नाही, खारही नाही. हात फिरवला तर सपाट भिंत. सगळं लाकडाच्या तुकड्यांचं चित्र! याच ड्यूकची गुब्बिओ इथल्या राजवाड्यातली दुसरी अभ्यासिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं १९३९ साली विकत घेतली आणि आज ती तिथं उभी आहे.

मी पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे या खोलीची छायाचित्रं पाहताना मला एका गोष्टीची गंमत वाटते. ड्यूकला एकच डोळा होता. एका द्वंद्वाच्या खेळात भाल्यानं त्याचा उजवा डोळा गेला होता, म्हणून त्याच्या चित्रांत नेहमी चेहऱ्याची डावी बाजूच दिसते. आणि सपाट चित्रातून खोलीचा भास व्हायचा असेल तर तो एका डोळ्यानं पाहिल्यावर अधिक पक्का होतो. दोन डोळे एकमेकांची साक्ष काढतात आणि भिंत सपाट आहे हे उघड करतात. हे मनात धरून ती खोली करवली होती असं मी म्हणत नाही. पण त्या खोलीत तिचा मालक सगळ्यांत जास्त रमला असेल, एवढं भूमितीच्या आधारानं म्हणता येतं.

त्या कारागिरांपुढे रंगांचा प्रश्न मोठा होता. अक्रोडाचं लाकूड तपकिरी, फळझाडांची लाकडं तांबूस किंवा फिकट. काळ्यासाठी ते दलदलीत शेकडो वर्षं गाडलं गेलेलं ओकचं लाकूड वापरत. हिरव्यासाठी तर एका बुरशीची मदत घेतली गेली. कुजत्या लाकडात वाढणारी ही बुरशी लाकडाला आतून निळसर हिरवं करते आणि तो रंग पाचशे वर्षं टिकून राहिलेला आहे. सावली दाखवायची असेल तर तुकड्याची कड तापलेल्या वाळूत खुपसायची. कड करपते, वर येताना करपणं विरळ होत जातं, आणि सपाट तुकडा गोल भासू लागतो.

या कलेवर वासारीनं टोमणाही मारून ठेवलाय. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा हा सोळाव्या शतकातला लेखक म्हणतो ते साधारण असं, की हे काम करणाऱ्यांपाशी चित्रकलेपेक्षा सबुरी जास्त असते. टोमणा खरा असेल. पण चित्रकला न येणाऱ्या माझ्यासारखीला तो टोमणा न वाटता आमंत्रण वाटला.

आपल्याकडे या कामाचं नातं सांगणारी दोन उदाहरणं मला ठाऊक आहेत. एक म्हैसूरचं. शिसवी फळीत खाचा करून त्यांत दुसऱ्या लाकडांचे पातळ तुकडे बसवायचे. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या अंबाविलास दिवाणखान्याकडे जाताना शिसवी दारावर हस्तिदंताचं असं काम दिसतं. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतावर १९९१ मध्ये बंदी आली. आता तिथले कारागीर पांढऱ्यासाठी पांढरंच लाकूड शोधतात.

दुसरं उदाहरण मुंबईच्या नावाचं आहे. एकोणिसाव्या शतकात 'बॉम्बे बॉक्स' नावाच्या पेट्या साहेबाच्या देशात फार खपत. त्यांच्यावरच्या कामाला 'सडेली' म्हणतात. हस्तिदंत, शिंग, आबनूस, रंगीत लाकूड आणि कथलासारखा धातू यांच्या बारीक काड्या लांबीच्या बाजूनं एकत्र चिकटवायच्या, आणि मग त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तेच नक्षीचं फूल! ही कला इराणमधून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आली. आपल्या आजीनं अळूवडीचा उंडा कापताना जे केलं तेच हे. कापल्यावर आतली नक्षी दिसते.

आता मी जे केलं त्याकडे येते. इटलीतलं जुनं काम सपाट असे. हल्ली हौशी लोक ज्याला इंटार्सिया म्हणतात त्यात एक बदल झाला आहे. यात पाऊण इंच जाडीच्या लाकडाचे तुकडे घेतात, प्रत्येक तुकडा वेगळा घासून गोलाई देतात, कुठला उंच, कुठला खोल. अमेरिकेत जूडी गेल रॉबर्ट्स यांच्यासारख्यांनी १९८० नंतरच्या काळात याचा प्रसार केला. म्हणजे हे चित्र नुसतं पाहण्याचं राहत नाही, ते हाताला लागतं. माझ्यासाठी सगळा मुद्दा इथं होता.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, माझ्याकडे राहते. वय अठ्ठ्याहत्तर. वयोमानानं होणारा मॅक्युलाचा विकार तिला आहे. नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचं तेवढं दिसत राहतं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या मागच्या खिडकीचा पडदा दिसतो. वाचन गेलं, भरतकाम गेलं. दूरचित्रवाणी ती ऐकते. भिंतीवरची चित्रं तिच्या लेखी चौकटी उरल्या आहेत.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर २०१९ मध्ये उतरवलं. भावंडांनी एकमतानं तसं ठरवलं होतं. छप्पर दोन पावसांत गळालं होतं आणि राहायला कुणी नव्हतं. लाकूड बहुतेक तिथंच विकलं. मी पुण्याला चार-पाच गोष्टी आणल्या: ओटीवरच्या फणसाच्या खांबाचा तीन फुटांचा तुकडा, शिसवी कपाटाचं एक दार, ऐनाच्या तुळईचा ठोकळा, खैराचं मोडकं मुसळ आणि एक पाट. का आणल्या, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या गॅलरीत पडून होत्या आणि घरी येणारा प्रत्येक जण त्यांना ठेचकाळत होता. लाकडावर ठेच लागली की माणूस विचारतो, "याचं काय करणार?" हे मला इतक्यांनी विचारलं की शेवटी उत्तर तयार करावं लागलं.

चित्र कशाचं करावं हे आक्कानं ठरवलं. मी तिला फूल सुचवलं, गाय सुचवली, मासा सुचवला. नवशिक्यांना मासा बरा, असं सगळे सांगतात. ती म्हणाली, "गरूड कर. वडावरचा." आमच्या भागात ज्याला गरूड म्हणतात तो खरा गरूड नव्हे. तो धनेश. पुस्तकात त्याचं नाव मलबारी कवड्या धनेश, सिंधुदुर्गाकडे ककणेर. काळं अंग, पांढरं पोट, आणि भलीमोठी पिवळी चोच. चोचीवर आणखी एक शिरस्त्राण चढवल्यासारखं, त्यावर काळा डाग. वडाची फळं पिकली की हे पक्षी यायचे आणि त्यांच्या पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा. आक्काची निवड किती नेमकी होती हे मला नंतर कळलं. ज्या पक्ष्याचा आकार अंधारात हात फिरवूनही ओळखू येईल, असा दुसरा पक्षी आपल्याकडे नाही.

रंगांचा हिशेब मांडायला बसले. काळं म्हणजे शिसव. शिसव पुरती काळी नसते, जांभळट तपकिरी असते, पण तेल लागलं की काळ्याच्या जवळ जाते. पिवळं म्हणजे फणस. आमच्या खांबाचा तुकडा बाहेरून पार काळपट होता. फणसाचं लाकूड उजेडानं आणि वाऱ्यानं तपकिरी होत जातं. पण मिस्त्रींनी त्याला आडवी करवत लावली आणि आतून हळदीसारखा पिवळा भुसा खाली पडू लागला. शंभरेक वर्षं त्या खांबाला टेकून बसलेल्या कुणालाही तो रंग दिसला नव्हता. याच भुशाचा काढा करून ब्रह्मदेश आणि थायलंडमधले भिक्खू चीवरं रंगवत असत. लाल डोळ्यासाठी खैराचं मुसळ होतंच.

अडलं ते पांढऱ्यावर. जुन्या घरात पांढरं लाकूड सापडत नाही. झाडाचा बाहेरचा फिकट भाग किडीला आवडतो, म्हणून जुने सुतार तो काढून टाकत आणि गाभाच तेवढा वापरत. मिस्त्री म्हणाले, "बाई, पॅकिंगच्या खोक्याचं पाइन घ्या. फुकट मिळेल." ते खरंही होतं. पण गॅलरीत पाट होता. पाट शिवणीचा. शिवणीचं लाकूड हलकं, फिकट, दुधात किंचित केशर पडल्यासारखं. पाट, ढोलक्या यासाठी ते आपल्याकडे वापरत आलेत. पृष्ठभाग काळा मिचकूट झाला होता, पण खालून रंधा मारला तर आत पांढरं मिळणार, हे मिस्त्रींनी नखानं खरवडून दाखवलं.

तो पाट आक्काच्या लग्नातला होता. कडेला पितळी फुल्या. याच पाटावर तिच्यानंतर मीही बसले, पण पहिला मान तिचा. मी दोन आठवडे तो विषय काढला नाही. पाइनचं खोकंसुद्धा आणवून ठेवलं. आक्कानं एक दिवस खोक्यावर हात फिरवला, वास घेतला आणि विचारलं, "हे आपलं नाही. कशाला आणलंस?" मग मला सांगावंच लागलं. ती काही वेळ गप्प बसली. मला वाटलं, विषय संपला. ती म्हणाली, "फुल्या काढून ठेव. त्या मला हव्यात. बाकी काप." आणि थोड्या वेळानं, "पाटावर आता खाली बसायला गुडघे कुणाचे वाकतायत?"

पाट कापायला मी मिस्त्रींना दिला नाही. पहिला काप मीच दिला.

तत्पूर्वी लाकडांना पुण्याच्या हवेची सवय करावी लागते. हे सांगायला हवं, कारण नवशिक्याला हे कुणी सांगत नाही. कोकणातलं लाकूड दमट हवेत असतं. घाटावर आणलं की ते सुकतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत आकसतं. माझ्या लाकडांनी गॅलरीत चार वर्षं काढली होती, त्यामुळे तो प्रश्न सुटला होता. जुन्या लाकडातले खिळे हा दुसरा धोका. लोखंडाच्या खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, पण मोडलेला खिळा आत लपलेला असेल तर दिसत नाही. मुलांच्या खेळण्यातलं बऱ्यापैकी जोरदार चुंबक फळीवरून फिरवायचं. शिसवी दारात मला असे सात सापडले.

आता करवत. हे काम 'स्क्रोल सॉ' नावाच्या यंत्रावर करतात. शिवणयंत्राची आठवण व्हावी असं हे यंत्र. एका आडव्या हाताच्या टोकाला दाभणाएवढं बारीक पातं उभं ताणलेलं असतं आणि ते वरखाली होत राहतं. लाकूड टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी फिरवायचं. शिवणयंत्रावर वाढलेल्या बायकांना इथं फायदा आहे, असं माझं ठाम मत झालंय. वळणावर कापड जसं न ओढता नुसतं फिरवायचं असतं, तसंच लाकूड. ज्यांना यंत्र घ्यायचं नाही त्यांनी हाताची फ्रेट-सॉ घ्यावी. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला ती असायची. वेळ चौपट लागतो, पण काम तेच होतं. मी यंत्र भाड्याच्या जागेत चालवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे जाऊन आधी पंधरा दिवस पाइनच्या खोक्यावर हात बसवला. खोकं असं कामी आलं.

कागदावर चित्र काढून त्याचे भाग पाडले. सत्तावीस तुकडे झाले. प्रत्येकाला नंबर आणि प्रत्येकावर एक बाण. हा बाण म्हणजे लाकडाच्या रेषांची दिशा. इंटार्सियाचं सगळं शहाणपण या बाणांत आहे, असं मला वाटतं. पंखाची पिसं ज्या दिशेनं वाहतात त्याच दिशेनं शिसवीच्या रेषा वाहिल्या पाहिजेत. चोचीत रेषा टोकाकडे जायला हव्यात. पोटाच्या पांढऱ्यात त्या उभ्या. हे सांभाळायचं तर लाकूड भरपूर वाया जातं, कारण फळीवर तुकडे दाटीवाटीनं मांडता येत नाहीत. पुरणपोळीसारखं उरलेल्या कणकेचं परत काही करता येत नाही. पाट केवढासा! त्यात पोटाचे तीन आणि शेपटीचे दोन तुकडे रेषा सांभाळून बसवायला मी कागदी तुकडे चार दिवस फिरवत होते. शाळेत मुलांना टँग्रॅम करायला देत असू, त्याचा सूड मुलांनी असा घेतला.

कापताना एक नियम पाळावा लागतो. पातं टेबलाशी काटकोनात आहे ना, हे रोज गुण्या लावून पाहायचं. वरून दोन तुकडे जुळलेले दिसतात, पण पातं अर्धा अंश कललेलं असेल तर खाली फट राहते. दुसरं म्हणजे शिसव. ती कठीण, तेलकट, आणि पात्याच्या घर्षणानं कडेला करपते. लाकडावर आधी पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवली तर करपणं कमी होतं. का होतं, यावर कारागिरांमध्ये वाद आहेत. टेपचा गोंद पात्याला वंगण देतो असं पुष्कळांचं म्हणणं. पाती मात्र मोडतातच. शिसवीत माझी अकरा गेली. त्यांचा आवाज छोट्या फटाक्यासारखा येतो. आक्का आतून विचारायची, "कितवं?"

आणखी एक, हे गंभीरपणे सांगते. लाकडाचा बारीक धूर फुप्फुसांना वाईट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. शिसवीच्या धुळीनं काहींच्या अंगावर पुरळही उठतं. तेव्हा चांगला मास्क, उघडी खिडकी, आणि काम झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून घेणं. झाडूनं झाडलं की ती पुन्हा नाकात जाते. करोनानं आपल्याला मास्कची सवय लावली, तिचा इथं उपयोग करावा.

तुकडे कापून झाले की ते सपाट मांडून पाहतात. हा प्रसंग फसवा असतो. चित्र झाल्यासारखं वाटतं, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आता प्रत्येक तुकड्याला उंची द्यायची. पोट सर्वांत खोल, त्यावर पंख, त्याहून उंच मान, आणि चोच सगळ्यांच्या पुढे. जे उंच हवं त्याच्याखाली प्लायवुडचा तुकडा लावून ते उचलायचं. जे खोल हवं ते घासून कमी करायचं. शेजारचा तुकडा किती उंचीवर आहे याची पेन्सिलीनं रेघ मारायची आणि त्या रेघेपर्यंतच घासायचं. आधी कानस, मग सँडपेपर, ऐंशी नंबरापासून चारशेपर्यंत. शिवण लोण्यासारखी घासली जाते. शिसव एका संध्याकाळी जेमतेम एक पीस देते.

इथून आक्का कामात आली. रोज संध्याकाळी तुकडे ट्रेमध्ये मांडून मी तिच्या मांडीवर देत असे. ती अंगठ्याचं नख सांध्यावरून ओढायची. नख अडलं की बोट तिथंच ठेवून म्हणायची, "इथे." मी भिंगातून पाहायची तेव्हा मला तिथं केसाएवढी फट दिसायची, कधी दिसायचीही नाही. भरतकामात उलट्या बाजूचे टाके तपासणारी ही बाई. माझ्या डोळ्यांनी पास केलेले नऊ सांधे तिनं परत पाठवले. एकदा ती म्हणाली, "मान गरुडाची नाही, कोंबड्याची झालीय." मी छायाचित्र काढून ताडून पाहिलं. धनेशाची मान उडताना लांब ताणलेली असते, बसल्यावर खांद्यांत रुतलेली. माझा धनेश बसलेला होता. तिनं तो पन्नास वर्षांपूर्वी पाहिला होता आणि मी छायाचित्र समोर ठेवून बसले होते! मानेचा तुकडा बारीक केला.

करपलेल्या वाळूचा प्रयोगही केला. पिसांच्या मुळाशी सावली हवी होती. जुन्या कढईत चाळलेली बारीक वाळू तापवली. फुटाण्याच्या भट्टीसारखं दृश्य. शिवणीचा तुकडा चिमट्यात धरून कडेनं वाळूत उभा करायचा आणि आकडे मोजायचे. उरलेल्या चिरफाळ्या आधी भाजून पाहिल्या. माझ्या शेगडीवर बारा आकड्यांपर्यंत नुसता गहू रंग, वीसला बदामी, तिसाला काळा. मी अठरावर थांबले. हे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, प्रत्येकानं आपली कढई मोजावी. मात्र लाकूड जाड असल्यानं ही सावली वरवरची असते. नंतर घासलं की निघून जाते, म्हणून हे काम घासून झाल्यावर करायचं. आक्काला ही सावली दिसणार नव्हती. पण तिनं तो तुकडा नाकाशी धरला आणि कुठली बाजू भाजली आहे ते सांगितलं.

तेल लावण्याचा दिवस हा या कामातला सणाचा दिवस. इतके दिवस सगळं लाकूड धुळीनं राखाडी दिसत असतं. जवसाचं तेल लावलेलं फडकं शिसवीवरून फिरलं आणि तिच्या आत जांभळ्या रेषा उठल्या. फणस सोन्यासारखा झाला. शिवण मात्र तेलानं पिवळी पडते, म्हणून पांढऱ्या तुकड्यांना तेल न लावता पाण्यात मिसळणारं पॉलिश दिलं. तेलाच्या फडक्यांविषयी जाता जाता सांगते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

शेवटी सहा मिलिमीटरच्या प्लायवुडवर सगळे तुकडे फेव्हिकॉलनं बसवले. तेल खालच्या बाजूला लागू दिलं नव्हतं, कारण तेलावर गोंद धरत नाही. डोळा शेवटचा. मुसळातून काढलेली खैराची बारीक गोल काडी, भोकात ठोकून वर तांदळाएवढी ठेवलेली. डोळा हाताला लागावा म्हणून.

चित्र दिवाणखान्यात लावलंय, पण नेहमीच्या उंचीवर नाही. आक्का खुर्चीत बसते तिथं, तिच्या उजव्या खांद्याच्या रेषेत. येणारे-जाणारे त्याला खाली वाकून पाहतात आणि वर लावा म्हणून सुचवतात. ती बोलता बोलता हात नेऊन चोचीवर ठेवते. चार-पाच महिन्यांत चोचीचं टोक तिच्या बोटांनी गुळगुळीत झालंय, आणि बाकीच्या पिवळ्यापेक्षा एक छटा गडद. फणस गडद होत जाणारच. दहा-पंधरा वर्षांत ही चोच खांबाच्या रंगाची होईल. उन्हापासून लांब ठेवलं तर थोडी अधिक टिकेल. त्यावर अतिनील किरण अडवणारी काच लावा, असा सल्ला एकानं दिला. काच लावली तर आक्कानं काय करायचं?

गेल्या मार्चमध्ये पोटाच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक फट पडली. कोरडी हवा. जुलैत ती मिटली. आक्काला दोन्ही वेळा माझ्याआधी कळलं.

ऐनाचा ठोकळा अजून गॅलरीत आडवा आहे. त्याचं काय करायचं हेही तिनं ठरवून टाकलंय. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत बसते आणि आपली विष्ठा, चिखल वापरून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक चीर तेवढी ठेवते. त्या चिरेतून नर तिला फळं भरवतो. आक्का म्हणते, आता मादी कर. ऐनाचं खोड आणि चिरेतून बाहेर आलेलं चोचीचं टोक, बस. पंख नाहीत, शेपटी नाही, तेव्हा तुकडे फारच कमी लागतील, असं तिचं गणित आहे.

मी कागदावर मांडून पाहिलं. ऐनाच्या सालीचीच एकतीस होतात.